काउंटीतल्या पंचवीस शाळा आणि आमचं एक घर

जानेवारी 2024 मध्ये आमच्या घरमालकांचा मेसेज आला की पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत निवांत रहा, त्यानंतर मी हे टाउनहाउस विकणार आहे. माणूस चांगला, दीड वर्ष आधी सांगितलं. पण माझ्या पोटात गोळाच आला, कारण लेक सातवीत होती आणि जून 2025 म्हणजे बरोब्बर तिची आठवी संपून हायस्कूल सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. म्हणजे आता आपण जिथे घर घेऊ किंवा भाड्याने राहू तीच तिची शाळा. आम्ही राहतो मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत, जर्मनटाउनला, आणि इथे पब्लिक हायस्कूल पत्त्यावर ठरतं. नॉर्मल हायस्कुलं पंचवीस आहेत. पंचवीस!

आमच्या ओळखीत ज्याला म्हणून विचारलं त्याने एकच उत्तर दिलं, पोटोमॅक किंवा बेथेस्डा. चर्चिल, वूटन, व्हिटमन, ही तीन शाळांची नावं मी त्या महिन्यात इतक्या वेळा ऐकली की लेकीला पाठ झाली. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अगं भाड्याने दोन बेडरूमचं अपार्टमेंट घे पण तिकडेच घे, चार वर्षांचाच प्रश्न आहे. त्यांनी मनापासूनच सांगितलं, त्यांच्या मुलांचं छान झालं तिकडे. आणखी एका गृहस्थांनी तर सांगितलं की घर कुठेही घ्या, तिकडच्या मित्राचा पत्ता द्या. ते मात्र मी त्याच दिवशी मनातून काढून टाकलं. शाळेत नाव घालताना लीज नाहीतर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल दाखवावं लागतं आणि नंतर खोटं निघालं तर पोराला मधेच काढतात, वर फी वसूल करतात. आणि ते पकडलं जाण्याचं सोडा, चौदा वर्षांच्या मुलीला रोज सकाळी खोटा पत्ता सांगायला शिकवायचं हे मला जमणार नव्हतंच.

तर मग मी बसले एक्सेल उघडून. मी कामाला डेटाचंच करते त्यामुळे हात शिवशिवतच होते.

पहिली चूक केली ती अशी की घरं बघायच्या अॅपवर प्रत्येक घराखाली शाळेला दहापैकी मार्क दिलेले असतात, ते उतरवून काढले. एका संध्याकाळी पंचवीस ओळी भरल्या, उतरत्या क्रमाने लावल्या आणि वाटलं झालं काम. नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, बाजूला त्या भागातल्या घरांच्या किमती टाक ना. टाकल्या. तर दोन्ही कॉलम जवळजवळ एकाच क्रमाने! मग हा शाळेचा मार्क की एरियाचा भाव हे मला कळेना. आमच्या एजंटबाईंना विचारलं की यातली चांगली शाळा कुठली, तर त्या म्हणाल्या मी ते सांगू शकत नाही. 1968 चा फेअर हाउसिंग कायदा आहे, शाळा चांगली-वाईट म्हणत गिऱ्हाईकाला एका वस्तीकडे वळवणं त्यात बसतं, म्हणून शहाणे एजंट तोंड उघडत नाहीत. त्यांनी लिंक दिली आणि म्हणाल्या तुमचं तुम्ही बघा. तेव्हा मला जरा राग आला होता, आता वाटतं बाईंनी बरोबर केलं.

मग खऱ्या आकड्यांकडे गेले. दोन ठिकाणं आहेत, कोणालाही फुकट बघता येतात. एक म्हणजे राज्याचं मेरीलँड रिपोर्ट कार्ड आणि दुसरं काउंटीच्या शाळाखात्याचं, म्हणजे एमसीपीएसचं, स्कूल्स अॅट अ ग्लान्स, प्रत्येक शाळेचा थोडक्यात हिशोब. रिपोर्ट कार्डवर शाळेला एक ते पाच स्टार असतात. मी आधी स्टारच बघत होते, पण त्या स्टारांमागचे शंभर मार्क कशाचे आहेत ते वाचल्यावर डोळे उघडले. हायस्कूलला परीक्षेतल्या कामगिरीचे फक्त 30, चार-पाच वर्षांत डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला) घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे 15, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या प्रगतीचे 10, पुढच्या तयारीचे 10 आणि उरलेले 35 स्कूल क्वालिटीचे, ज्यात 15 तर नुसत्या हजेरीचे. शाळा 180 दिवसांच्या आसपास असते, त्यातले दहा टक्के म्हणजे साधारण अठरा दिवस जो मुलगा येत नाही तो क्रॉनिकली अॅब्सेंट धरतात. म्हणजे एका शाळेला तीन स्टार आणि दुसरीला चार, यातला फरक गणिताच्या मास्तरांमुळे पडला की सकाळी 7:45 च्या शाळेला न पोचणाऱ्या मुलांमुळे हे आत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. मी ज्या दोन शाळांवर अडकले होते त्यांच्यातला फरक बराचसा हजेरीचाच निघाला. हजेरी महत्त्वाची नाही असं मी अजिबात म्हणत नाही, पण माझी लेक ताप असला तरी शाळेत जायचं म्हणून रडते, तिच्यासाठी तो कॉलम वेगळ्या अर्थाने वाचायला हवा.

बरं एक गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी आकडाच नसतो. टक्केवारी 95 च्या वर गेली किंवा 5 च्या खाली आली की नेमका आकडा देत नाहीत, मोजकी मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून. श्रीमंत भागातल्या शाळांत फार्म्सच्या रकान्यात नुसतं पाचपेक्षा कमी. फार्म्स म्हणजे ज्या मुलांना जेवण फुकट किंवा कमी पैशात मिळतं ती मुलं, घरच्या उत्पन्नावर ठरतं. या फार्म्सच्या कॉलमने शाळा लावल्या आणि शेजारी एसएटीची, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची, सरासरी लावली तर एक यादी वरून खाली आणि दुसरी खालून वर, मधे थोडेफार इकडेतिकडे, बाकी सरळ उलटं चित्र. मी त्या रात्री बराच वेळ तो ग्राफ बघत बसले होते. पंचवीस शाळा, दीड लाखाच्या वर विद्यार्थ्यांचं खातं, आणि एवढं सगळं एका रेघेत मावतंय.

न्यू जर्सीत एडिसनला माझी मावसबहीण असते, तिला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली अगं पण तुमच्याकडे शाळांना पैसा कमीजास्त मिळत असेल ना गावागावाप्रमाणे. तिथे मला समजलं की आपल्याकडचं वेगळं आहे. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, जवळजवळ गावागणिक. मेरीलँडमध्ये फक्त 24, म्हणजे 23 काउंट्या आणि एक बाल्टिमोर सिटी. त्यामुळे पोटोमॅकची व्हिला आणि आमच्या जर्मनटाउनचं टाउनहाउस यांचा प्रॉपर्टी टॅक्स एकाच काउंटीच्या तिजोरीत जातो, शिक्षकांचा पगार एकाच करारातून ठरतो, अभ्यासक्रम एक, डिप्लोमाला लागणारे 22 क्रेडिट्स सगळीकडे तेच आणि समाजसेवेचे 75 तास पण तेच. मग फरक उरतो कशात? घरची परिस्थिती, बाहेरच्या शिकवण्या, पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ आणि शाळेसाठी वर्गणी काढणारे बूस्टर क्लबवाले पालक किती पैसे उभे करतात, अनुभवी शिक्षक कुठे टिकतात, आणि एखादा वरचा कोर्स चालवायला पुरेशी मुलं जमतात का, यात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर परत येते.

एप्रिलमध्ये आप्पा आले, माझे वडील, सहा महिन्यांसाठी. आप्पा जिल्हा परिषदेचे रिटायर्ड शिक्षक. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात त्यांची बरीचशी नोकरी झाली. त्यांना इथे दिवसभर करमत नाही म्हणून रात्री मी लॅपटॉप घेऊन बसले की ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे, चष्मा लावून कॉलम वाचायचे, आणि प्रत्येक कॉलमला विचारायचे हे काय. एसएटी सांगितलं, एपी म्हणजे हायस्कूलमध्येच करायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, ते सांगितलं. मग त्यांनी बोट ठेवलं मोबिलिटी रेटवर. म्हटलं आप्पा, वर्षाच्या मधेच शाळेत आलेली आणि मधेच सोडून गेलेली मुलं, त्याची टक्केवारी.

आप्पा काही बोलले नाहीत पहिल्यांदा. मग म्हणाले, "हे लिहून ठेवतेत इथं?"

मला एकदम सगळं आठवलं. दिवाळी झाली की आमच्याकडे अर्धं गाव रिकामं व्हायचं. मुकादमाची उचल घेतलेली असायची, ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारी नसेल घरात तर लेकरंसुद्धा, आणि सगळे कारखान्यावर ऊसतोडीला. ते परतायचे पाडव्याच्या आगेमागे. आप्पांच्या वर्गात जूनला चाळीस पोरं असायची आणि डिसेंबरला सतरा-अठरा. एप्रिलला परत तीस-पस्तीस, त्यातली बरीच सहा महिने पुस्तक न उघडलेली, आणि पंधरा दिवसांनी परीक्षा. नंतर हंगामी वसतिगृहं आली, काही पोरं आजीकडे राहून शाळेत जेवायला लागली, पण आप्पांच्या ऐन नोकरीत ते नव्हतं. तालुक्याच्या बैठकीला शाळांचे निकाल वाचून दाखवायचे तेव्हा आप्पांची शाळा नेहमी खालून दुसरी-तिसरी. रस्त्यावरच्या मोठ्या गावातली शाळा वर, जिथे दुकानदारांची, नोकरदारांची पोरं. आप्पा घरी येऊन शर्ट खुंटीला लावायचे आणि त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत, एवढं मला लहानपणीचं पक्कं आठवतं. कारण तेव्हा कळलं नव्हतं.

त्या रात्री त्यांनी सांगितलं. म्हणाले, "सहा महिने लेकरू माझ्याकडं नाही आणि निकाल माझ्या नावावर. मी साहेबाला एकदा म्हणालो, जी लेकरं जून ते एप्रिल माझ्याकडं होती तेवढ्यांचाच निकाल काढा आणि मग त्या मोठ्या शाळेसंगं लावून बघा. कोण काढतंय." आणि मग विचारलं, "तुझ्या ह्याच्यात निघतंय का तसं?"

निघतंय. अगदी तसंच्या तसं नाही, पण बऱ्यापैकी निघतं. मेरीलँड रिपोर्ट कार्डवर प्रत्येक शाळेचे निकाल गटागटाने फोडून दिलेले असतात, फार्म्सवाली मुलं वेगळी, इंग्रजी शिकणारी वेगळी, वंशाप्रमाणे वेगळी. मी इतके दिवस सगळ्या शाळेची सरासरी घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त सारख्याला सारखं लावायला घेतलं. ज्या घरातली मुलं आपल्यासारख्या घरातली, म्हणजे दोघं शिकलेले, नोकरी आहे, घरात इंग्रजी चालतं, ती मुलं या शाळेत कशी करतात आणि त्या शाळेत कशी करतात. आणि दुसरं, आप्पांच्या आग्रहाने, फार्म्सवाली मुलं कुठे जास्त टिकतात आणि डिप्लोमा घेऊन बाहेर पडतात. आप्पांचं म्हणणं साधं होतं, जिची पोरं अवघड आहेत आणि तरी निभावते ती शाळा बघ, तिथले मास्तर काम करतेत.

हे केल्यावर माझी यादी बरीच हलली. वरच्या तीन-चार शाळा वरच राहिल्या, त्या खरंच चांगल्या आहेत आणि तिथे जाणाऱ्यांनी काही चूक केली असं मला मुळीच सुचवायचं नाही. पण मधल्या बारा-तेरा शाळांमधलं अंतर एकदम आक्रसलं. दहापैकी पाच आणि दहापैकी आठ म्हणून ज्या मी दोन टोकांना टाकल्या होत्या त्यात आमच्यासारख्या घरातली मुलं जवळपास सारखंच करत होती. आणि या जवळपास सारख्यासाठी आम्ही पोटोमॅकच्या बाजूला महिन्याला आठशे-नऊशे डॉलर जास्त भाडं द्यायला निघालो होतो, ते पण लहान घराला.

आता कोर्सचं. हे मी प्रत्येक पालकाला सांगते. शाळेच्या वेबसाइटवर एपी विषयांची लांबलचक यादी असते, पंचवीस-तीस विषय. ती यादी म्हणजे मेनूकार्ड. आज किचनमध्ये काय आहे ते वेगळं विचारावं लागतं. एपी फिजिक्स सी यादीत असतं पण त्या वर्षी आठच मुलांनी नाव दिलं तर वर्ग भरत नाही. एका शाळेच्या ओपन हाउसला मी काउन्सेलरना विचारलं की यावर्षी यातले प्रत्यक्ष किती चालले आणि किती सेक्शन, म्हणजे तुकड्या, तर त्यांनी मला परत तोच कागद दिला. तीनदा विचारलं. शेवटी त्या दुसऱ्या पालकांकडे वळल्या. मला फार अपमानास्पद वाटलं ते, आप्पा सोबत होते. शाळेचं नाव सांगत नाही, गर्दीची संध्याकाळ होती, त्यांचाही दिवस वाईट असेल. पण दुसऱ्या एका शाळेत हाच प्रश्न विचारला तर तिथल्या बाईंनी लॅपटॉप उघडून चटचट सांगितलं, याचे चार सेक्शन, याचे दोन, हा यंदा झाला नाही पण चार मुलं माँटगोमेरी कॉलेजला जाऊन तो विषय करतायत. हायस्कूलच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजचे कोर्स करता येतात, क्रेडिट दोन्हीकडे धरतात, आणि मेरीलँडच्या शाळासुधारणेच्या ब्लूप्रिंट कायद्यानंतर पब्लिक स्कूलच्या मुलांना ट्यूशन भरावी लागत नाही. कॉलेजचा एक कॅम्पस जर्मनटाउनलाच आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर! इतकी वर्षं त्याच्या समोरून गाडी नेत होते.

मॅग्नेटचं, म्हणजे अर्ज करून जायच्या खास विषयांच्या प्रोग्रॅमचं, पण थोडं सांगायला हवं कारण आपल्या लोकांत त्याचीच चर्चा जास्त. सिल्व्हर स्प्रिंगच्या माँटगोमेरी ब्लेअरमध्ये गणित-सायन्स-कॉम्प्युटरचा मॅग्नेट 1985 पासून आहे, रॉकव्हिलच्या रिचर्ड माँटगोमेरीत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), आणि आमच्यासारख्या उत्तरेकडच्यांसाठी पूल्सव्हिल. तिथे सायन्स-मॅथ आहे, ह्युमॅनिटीज आहे आणि ग्लोबल इकॉलॉजी आहे. व्हीटनला बायोमेडिकल आणि इंजिनीअरिंग. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे तर कन्सॉर्शियम आहेत, डाउनकाउंटीत ब्लेअर, आइन्स्टाइन, केनेडी, नॉर्थवूड आणि व्हीटन या पाच शाळांत मुलं पसंतीक्रम देतात, आपल्या अकरावीच्या प्रवेशासारखं काहीसं, फक्त कटऑफ नाही. आमच्या भागात मात्र कन्सॉर्शियम नाही, पत्ता नाहीतर मॅग्नेट.

लेकीला ग्लोबल इकॉलॉजी हवं होतं. तिला बेडूक, ओढे, पाण्यातले किडे यातलं सगळं आवडतं, लहानपणापासून. पूल्सव्हिल आहे काउंटीच्या शेती राखीव क्षेत्रात, 1980 साली काउंटीने 93,000 एकर जमीन बिल्डरांपासून वाचवून ठेवलीय तिथे, दोन्ही बाजूला मका आणि सोयाबीन. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळा बघायला गेलो तेव्हा आप्पा गाडीची काच खाली करून बसले होते, सोयाबीन बघून म्हणाले, काढायला आलंय. अमेरिकेत सहा महिन्यांत तो एकच दिवस असा की त्यांना कुठे काय चाललंय ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही. लेकीने अर्ज केला, निबंध स्वतः लिहिला, मी फक्त स्पेलिंग बघितलं. निकाल हिवाळ्यात आला. वेटिंग. आणि वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही.

ती दोन दिवस जेवली नाही नीट. मला त्या दोन दिवसांत परत पोटोमॅकचे विचार आले हे कबूल करते, वाटलं निदान मोठ्या नावाची शाळा तरी देऊ तिला. नवरा म्हणाला, तू एवढा ग्राफ काढलास तो काय नुसता काढायला? भांडणच झालं आमचं त्यावरून, खरं सांगते, स्वयंपाकघरात, मुलं वर झोपलेली. त्याचं बरोबर होतं पण त्या क्षणी मला ते ऐकायचं नव्हतं. आप्पा तोवर परत गेले होते.

शेवटी मी एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं. शाळांची मुलांनी काढलेली वर्तमानपत्रं वाचली. ब्लेअरचं सिल्व्हर चिप्स, व्हिटमनचं ब्लॅक अँड व्हाइट, रिचर्ड माँटगोमेरीचं टाइड, सगळी ऑनलाइन आहेत. ज्या शाळा माझ्या यादीत होत्या त्यांची जी सापडली ती पण. झोप किती मिळते, कॉपी किती चालते, बाथरूमला कुलूप का असतं, कॉलेजच्या अर्जांचं टेन्शन, एपीची चढाओढ, हे मुलंच लिहितात आणि पालकांना खूश करायला लिहीत नाहीत. वरच्या शाळांच्या मुलांनी स्पर्धेच्या ताणावर जे लिहिलंय ते वाचून मी लेकीकडे बघितलं. ती हळू बोलणारी मुलगी आहे, चार जणांत मागे उभी राहते. सगळेच पळत असलेल्या ठिकाणी ती पळायला लागेल की भिंतीला टेकून उभी राहील? काही मुलं तशा वातावरणात फुलतात, माझ्या मावसबहिणीचा मुलगा तसाच आहे. माझी लेक तशी नाही.

आणि मग तिलाच विचारलं. हे वाचून कोणालाही वाटेल की एवढं उशिरा? हो, उशिरा. ती म्हणाली मला क्लॅरिनेट सोडायचं नाही, मला बायोलॉजी हवी, आणि मला माझ्या दोन मैत्रिणींपैकी एक तरी हवी. आणि बसने एकटीला घरी येता आलं पाहिजे, तू ऑफिसमधून सुटून येईपर्यंत मला शाळेत बसून राहायचं नाही. माझ्या एक्सेलमध्ये तेव्हा सव्वीस कॉलम होते आणि यातला एकही नव्हता.

तर आम्ही जर्मनटाउनलाच राहिलो. सिनेका व्हॅलीच्या हद्दीत एक जुनं टाउनहाउस घेतलं, किचन अजून तसंच आहे, पण आपलं आहे. शाळेची इमारत 2020 ची नवी, भलीमोठी, आयबी आहे आणि करिअरचे कोर्सपण बरेच, नर्सिंगकडे किंवा सायबरसिक्युरिटीकडे जाणारी मुलं आणि आयबी डिप्लोमावाली मुलं एकाच कँटीनमध्ये जेवतात. आयबीचं मला आवडलं ते हे की अकरावी-बारावीत सहा विषय दोन वर्षं खोलवर करायचे, चार हजार शब्दांचा एक निबंध स्वतःच्या प्रश्नावर लिहायचा. बेडकांवर लिहील ती, मला माहितीय. ते अजून लांब आहे, आत्ता नववी.

हद्दीबद्दल मात्र एक सांगून ठेवते कारण लोक शाळेसाठी घर घेतात आणि समजतात की शाळा घराला खिळ्याने ठोकलीय. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये शाळाखात्याच्या बोर्डाने क्लार्क्सबर्ग आणि नॉर्थवेस्ट या हायस्कुलांच्या हद्दीतला काही भाग सिनेका व्हॅलीकडे वळवला होता, तेव्हा केवढी आंदोलनं, केवढ्या रात्रीच्या मीटिंगा झाल्या. आता गेथर्सबर्गला क्राउनची नवी इमारत आणि रॉकव्हिलला वुडवर्डची पुन्हा बांधलेली इमारत 2027 साठी म्हणून 2025 मध्ये परत बाउंड्री स्टडी, म्हणजे हद्दी नव्याने आखायचा अभ्यास, सुरू झाला, अर्ध्या काउंटीचे नकाशे टेबलावर. आमच्या ओळखीतल्या एकांनी चांगले लाखभर डॉलर जास्त मोजून एका शाळेसाठी घर घेतलंय आणि आता ते रोज नकाशा उघडून आपली गल्ली कुठल्या रंगात आली ते बघतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

पहिले दोन महिने सोपे गेले नाहीत. शाळा प्रचंड मोठी, लेक दोनदा हरवली आत. एका विषयाला शिक्षक उशिरा आले, तीन आठवडे सबस्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक. मी ईमेल केले, उत्तर आलं, चौथ्या आठवड्यात शिक्षक आले. बँड मात्र पहिल्या दिवसापासून लागला, शुक्रवारी फुटबॉलच्या मॅचला सगळा बँड स्टँडमध्ये बसून वाजवतो, त्यात ही मागच्या रांगेत, पण वाजवत असते. परत येताना काउंटीच्या राइड ऑन बसने येते, ती बस आता सगळ्यांनाच फुकट झालीय.

ऑक्टोबरमध्ये तिच्या बायोलॉजीच्या वर्गात एक मुलगी आली, एल साल्वादोरहून, इंग्रजी अगदी थोडं. लॅबमध्ये दोघी पार्टनर. लेक घरी येऊन स्पॅनिशची वही काढून पेशीच्या भागांची नावं लिहीत बसली, केंद्रक, पेशीभित्तिका, सगळं स्पॅनिशमध्ये. रविवारी आप्पांच्या व्हिडिओ कॉलवर तिने हे सांगितलं. आप्पांनी आधी विचारलं वर्गात किती पोरं, मग विचारलं ती पोरगी परीक्षेपर्यंत राहणार का. लेक म्हणाली मला काय माहीत आजोबा. आप्पा म्हणाले, "मास्तरणीला माहीत असंल. विचार तिला. आणि ती राहीपर्यंत वही दे तिला तुझी."

धाकटा आता पाचवीत आहे, म्हणजे लवकरच परत तेच. परवा मी जुनी फाईल उघडली, नवीन वर्षाचे आकडे भरायला. पहिले कॉलम बदललेत आता. सगळ्यात आधी मोबिलिटी, मग फार्म्सवाल्या मुलांचा ग्रॅज्युएशन रेट, मग प्रत्यक्ष चाललेले सेक्शन. दहापैकी मार्कांचा कॉलम मी काढून टाकला. त्या जागी रिकामा कॉलम ठेवलाय, वर त्याचं नाव लिहिलंय, तो स्वतः काय म्हणतो ते त्यात भरायचं आहे. आत्तापर्यंत एकच गोष्ट आलीय, सॉकरचं ग्राउंड खऱ्या गवताचं हवं.